‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...’ ही माफी नेमकी घ्यायची कुणी?

सुंगटां_हुमण (धागाकर्ता)
१३ डिसेंबर २०२५, रात्री १०.२०

मंडळी, विषय शिळा झालाय हे माहितेय, आजकाल पंधरा दिवस म्हणजे विटलेलाच म्हणायचा, पण डोक्यातून जात नाही म्हणून टाकतोय. २८ नोव्हेंबरला इफ्फीचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप झाला. मी पणजीतच होतो, आठवडाभर गळ्यात डेलिगेट कार्ड अडकवून आयनॉक्सच्या रांगेत उभं राहून पाय दुखले म्हणून समारोपाला काही गेलो नाही, घरी आलो आणि जेवता जेवता मोबाईलवर ती क्लिप आली. रणवीर सिंग ऋषभ शेट्टीचं कौतुक करतोय, अगदी मनापासून करतोय हो, खोटं नाही, आणि त्या भरात ‘कांतारा चॅप्टर १’ मधल्या चावुंडी दैवाला, म्हणजे तिकडच्या देवीलाच, ‘फीमेल घोस्ट’ म्हणून मोकळा झाला, वर तोंड वेडंवाकडं करून नक्कल. माझ्या हातातला घास तसाच राहिला. भक्त वगैरे नाही मी, पण आमच्या गावच्या राखणदाराला कुणी स्टेजवरून असं हडळ-बिडळ म्हटलं असतं तर काय झालं असतं, एवढंच डोक्यात आलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रारी, बॉयकॉट, आणि २ डिसेंबरला इन्स्टावर माफी. हेतू ऋषभच्या अभिनयाला दाद द्यायचा होता, सगळ्या संस्कृतींचा आदर आहे, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मनापासून माफी. ५ तारखेला त्याचा ‘धुरंधर’ लागला. माझा भाचा, ज्याने स्टेटसला लाल अक्षरात बॉयकॉट लावलेलं, तो रविवारी पर्वरीला जाऊन बघून आला आणि म्हणतो मामा इंटरव्हलनंतर काय काम केलंय त्याने!

तर प्रश्न असा की हे प्रकरण मिटलं की नुसतं सरलं? मिटलं असेल तर माफी दिली कुणी? भाच्याने?

---

पात्राव

भाच्याने तिकीट काढून दिली ना माफी, जीएसटीसकट 😀

---

डेक्कनवासी

पुण्यातून विचारतोय, राग मानू नका. इतकं काय चुकलं त्याचं? ‘कांतारा’त दाखवलेल्या त्या दैवाच्या विधीला तिकडे ‘भूत कोला’च म्हणतात ना? मग भूत म्हणजे घोस्टच. भाषांतर चुकलं म्हणून माणसाला फाशी द्यायची का?

---

मंगळुरी_सून

डेक्कनवासी, माहेर सावर्डे, सासर उडुपीजवळ, बावीस वर्षं झाली, त्यामुळे इथे तोंड घालते. तुळूतला (मंगळूर-उडुपीकडची भाषा) भूत आणि आपला चिंचेवरचा भूत यांचा काही संबंध नाही. तिकडे भूत आणि दैव हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात, म्हणजे गावाचा, घराण्याचा, जमिनीचा राखणारा. शब्द तोच, पण कुणाच्या तोंडून येतोय आणि कुठल्या भाषेत उतरवलाय त्यावर सगळं अवलंबून. इंग्रजीत घोस्ट म्हटलं की तो हॉरर पिक्चर होतो.

आणि कोला म्हणजे नाच नव्हे. आमच्याकडे दर वर्षी असतो, डिसेंबर ते मे हा साधारण हंगाम. लग्नानंतरचा पहिला कोला मला अजून आठवतो. रात्रीचे दोन वाजलेले, अंगणात मशाली, कोवळ्या माडाच्या झावळ्यांचा ओला वास. ज्याच्या अंगात दैव येणार तो माणूस सकाळी आमच्याच पडवीत बसून गप्पा मारत चहा प्यायलेला. बाजूला म्हातारी बाई पाड्दन म्हणत होती, म्हणजे त्या दैवाची कहाणी. ती म्हणता म्हणताच त्याच्या तोंडावर रंग चढला, पायात गग्गर (वाजणारे वाळे), पाठीला ती मोठी अणी (प्रभावळीसारखी), आणि एका क्षणी तो माणूस तिथे राहिलाच नाही. मी शहाणी, बीएस्सी झालेली, भिंतीला टेकून उभी, आणि गुडघे लटलटत होते. सासऱ्यांचं आणि चुलत सासऱ्यांचं विहिरीवरून सात वर्षं बोलणं बंद. दैव थेट दोघांसमोर येऊन उभं राहिलं, सगळ्या गावासमोर विचारलं, पाणी कुणाचं? कुणी बोलेना. मग सासरे म्हणाले, चुकलं. एवढंच. ‘माझ्यामुळे कुणाला वाईट वाटलं असेल तर’ असलं काही नाही. चुलत सासऱ्यांनी मान हलवली तेव्हा कुठे दैव हललं तिथून.

म्हणून ती नक्कल बघून पोटात कालवलं. दैव रागावेल वगैरे सोडा. पण हे काम पिढ्यानपिढ्या नलिके, पंबद, परव या जातीच्या लोकांनी केलंय, ज्यांना वर्षभर गावात कुणी विचारत नाही आणि त्या एका रात्री अख्खा गाव ज्यांच्यापुढे हात जोडतो. साठ वर्षांवरच्या नर्तकांना महिना २००० रुपये भत्ता द्यायचं कर्नाटक सरकारने जाहीर केलं ते २०२२ मध्ये, तेही पहिला ‘कांतारा’ गाजल्यावर. त्यांच्यापैकी कुणाचं नाव त्या इन्स्टा पोस्टमध्ये होतं का?

---

पेडणेकर_७७

सून बाय, एकदम बरोबर. भूत शब्दाचं आम्हा पेडणेकरांना नवल नाही. आमचा देवच भूतनाथ! तिकडे पारोड्याला चंद्रेश्वर-भूतनाथ आहे, आमच्याकडे पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं (देवाचे सजवलेले खांब) निघतात. कोजागरीची ती रात्र बघायला या एकदा. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं होतं ते झालं नाही म्हणून तो रुसून रानाकडे धाव घेतो आणि लोक ‘सायबा, बांधतो, बांधतो’ म्हणत मागे धावतात, समजूत काढून परत आणतात. दर वर्षी तोच रुसवा, तीच समजूत. देवालाही माहीत आहे हे बांधणार नाहीत आणि लोकांनाही माहीत आहे की तो परत येणार 😀 रुसणं-मनवणं आमच्या रक्तात आहे, पण त्यासाठी मागे धावावं लागतं राव. पोस्ट टाकून देव रानातून परत येत नाही.

---

रापणकार

त्या इफ्फीच्या समारोपालाच काहीतरी बाधा आहे. २०२२ आठवतं? ज्युरीचा अध्यक्ष, इस्रायलचा नदाव लापिड, ‘काश्मीर फाइल्स’ला व्हल्गर आणि प्रोपगंडा म्हणून मोकळा झाला मंत्र्यांच्या समोर. दुसऱ्या दिवशी त्याच्याच देशाच्या राजदूताने त्याला जाहीर पत्र लिहून झापलं. दोन दिवसांनी तो म्हणाला की ज्यांनी सोसलं त्यांना माझ्या बोलण्याचा तसा अर्थ लागला असेल तर त्यांची माफी मागतो, पण पिक्चरबद्दलचं मत तेच. ही मला बरी वाटली. कशाची माफी मागतोय आणि कशाची नाही ते वेगळं करून सांगितलं.

---

पात्राव

पुढच्या वर्षी समारोपाला देवाला गाऱ्हाणं घालूनच माईक द्या

---

कोर्टाची_पायरी

थोडं कायद्याचं बोलतो, कारण ‘आत टाका त्याला’ असं सगळेच म्हणतायत. धर्मभावना दुखावण्याचं जुनं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेत २९९. ते कलम लावायला ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ केलेला अपमान लागतो. धोनीला एका मासिकाने मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, त्या केसमध्ये २०१७ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगून केस रद्द केली. बावळटपणा हा गुन्हा नाही, असता तर आमच्या बार रूममध्ये कुणी उरलं नसतं.

त्यामुळे तक्रारी कितीही होवोत, शिक्षा होईल या भरवशावर बसू नका. खरी गंमत पुढे आहे. कायदा शिक्षा करू शकत नाही आणि लोक विसरतात, मग मधल्या मध्ये करायचं काय? याची उत्तरं आपल्याकडे शोधली गेलीयत. २०१९ मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल करण जोहरच्या शोमध्ये बायकांबद्दल वाट्टेल ते बोलून गेले. ऑस्ट्रेलियातून परत बोलावले, निलंबन, मग उठवलं, आणि शेवटी बीसीसीआयच्या लोकपालांनी दोघांना २०-२० लाख भरायला लावले. प्रत्येकी १० लाख शहीद झालेल्या निमलष्करी जवानांच्या कुटुंबांना आणि १० लाख अंध क्रिकेटसाठी. मला तेव्हाही हसू आलं होतं, बोलले बायकांना आणि पैसे गेले भलतीकडे! चांगल्याच कामाला गेले, पण भलतीकडे.

त्यापेक्षा याच नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे इफ्फी चालू असतानाच, सुप्रीम कोर्टाने समय रैना आणि इतर कॉमेडियनना जे सांगितलं ते मला पटलं. दिव्यांगांची टिंगल केली ना, आता महिन्यातून दोन कार्यक्रम करा, दिव्यांगांनाच मंचावर बोलवा आणि त्यांच्या उपचारासाठी, विशेषतः एसएमए या दुर्मीळ आजाराच्या, निधी जमवा. ज्याला लागलं त्याच्याच दारात उभं केलं.

---

बीबिक

मी कॅथलिक, मराठी शाळेत शिकले म्हणून इथे वाचते, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे भोगसणें म्हणतात, माफ करणं. कुमसाराला (कन्फेशनला) गेलं की पाद्री तुमचं ऐकतो आणि प्राचीत (प्रायश्चित्त) देतो. ‘इफ’ चालत नाही तिथे. ‘फादर, कुणाला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हटलं तर तो म्हणेल, बाय, आधी काय केलंस ते सांग.

२०१९ च्या नाताळात एका शोमध्ये रवीना टंडन, फराह खान आणि भारती सिंग यांनी हालेलुया शब्दाची थट्टा केली. पंजाबात केस झाली, मोर्चे निघाले. मग डिसेंबरच्या शेवटी फराह आणि रवीना मुंबईत कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांना भेटून माफी मागून आल्या आणि त्यांनी ती स्वीकारली. विषय संपला. ममाला मी म्हटलं, बघ किती छान. ममा मासळी साफ करत होती, वर न बघता म्हणाली, ‘म्हाका कोणें विचारलें?’ खरंच की, कार्डिनलनी माझ्या ममाच्या वतीने कसं काय भोगसलं? पण मग दुसरं काय करणार होत्या त्या, घरोघर फिरणार का? मला अजून ठरवता येत नाही. निदान उठून गेल्या, एका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलल्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियर) अवशेषांची डीएनए चाचणी करा म्हणून कुणी बोललं तेव्हा मडगावला रस्ते अडले, रात्र रात्र लोक उभे होते. मी पण गेले होते. खरं सांगते, पहिल्या दिवशी रडू येत होतं. तिसऱ्या दिवशी गर्दीत मजा यायला लागली. त्याची मला जास्त लाज वाटते.

---

संपादक मंडळ

शेवटच्या परिच्छेदावरून राजकीय फाटे फुटू नयेत ही विनंती. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

डेक्कनवासी

मंगळुरी_सून, माझा शब्द मागे घेतो. भूत म्हणजे घोस्ट असं पुन्हा म्हणणार नाही. (‘तर’ न लावता लिहिलंय, नोंद घ्यावी.)

पण एक शंका राहतेच. ‘कांतारा’वाल्यांनी दैवावर सिनेमा काढून शेकडो कोटी कमावले, ते चालतं, आणि एकाने दोन मिनिटं नक्कल केली तर चालत नाही?

---

मंगळुरी_सून

हा प्रश्न आमच्या घरी पण झालाय, ताटावरच. दीर म्हणतात दोन्ही चूक. प्रेक्षक दैवाचा वेष करून थेटरात नाचायला लागले तेव्हा निर्मात्यांनाच असं करू नका म्हणून आवाहन करावं लागलं. आणि या प्रकरणानंतर ऋषभ शेट्टी म्हणाला की असं बघितलं की अवघडायला होतं, स्टेजवर याची नक्कल करू नका असं मी जाईन तिथे सांगतो. दीर म्हणाले, आधी दार उघडं टाकायचं आणि मग कुत्रं आत आलं म्हणून ओरडायचं. सासूबाई म्हणाल्या, त्याने निदान चपला काढून शूटिंग केलं असेल. आमच्या घरी यावर एकमत नाही, तुम्हाला काय सांगू.

---

रापणकार

हुमण, तू ‘तर’ला एवढा धरून बसलायस, पण आपलं गाऱ्हाणं आठव. ‘बा देवा म्हाराजा, लेकरांकडून कळत नकळत काय चुकलं माकलं असेल तर पदरात घे.’ त्यातही ‘असेल तर’ आहेच की! आपण देवाला चालवून घ्यायला सांगतो आणि रणवीरचं मात्र व्याकरण तपासतो.

---

सुंगटां_हुमण

रापणकार, बरोब्बर पकडलंस, दोन दिवस विचार करतोय. मला वाटतं फरक असा की देवळात गाऱ्हाणं घालून आपण घरी पळत नाही. प्रसाद लावतात, पाकळ्या चिकटवतात मूर्तीला आणि बघत बसतात, उजवी पडते की डावी. कधी कधी तासभर पडतच नाही. उकाड्यात, घाम पुसत, सगळे त्या पाकळीकडे डोळे लावून. डावी पडली तर पुन्हा विचारायचं, काय राहिलं, कुणाचं राहिलं. म्हणजे समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय आहे. इन्स्टावर उजवी डावी काही नाही, नुसते लाइक.

आणि आता सांगूनच टाकतो हा धागा का काढला ते, कारण भाच्यावर हसलो खरा पण मी काय वेगळा. वीसेक वर्षं झाली. आमच्या काल्याच्या (देवळाच्या जत्रेच्या) नाटकात मी विनोदी पात्र करायचो, नाटक मराठी पण विनोदवीराला कोकणीत घुसवायची मुभा. त्या वर्षी एका प्रवेशात राजा विचारतो, आज पाव खारट कसा? आणि मी संहितेत नसलेलं वाक्य टाकलं, ‘म्हाराज, पदेरान आयज गंजी घालूंक नाशिल्ली, पिठांत घाम पडलो!’ पदेर म्हणजे आमचा पाव भाजणारा नि दारोदार विकणारा, त्याने आज गंजी घातली नव्हती म्हणून पिठात घाम पडला, असा विनोद. मांडव कोसळला हसून. शिट्ट्या. मी तेच परत म्हटलं, दुसऱ्यांदा जास्त हसले. मग अजून ताणलं, पूर्वी सूर (माडी) घालून पीठ फुगवायचे, आता घामाने फुगतं, वगैरे. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला स्वतःलाच कळत होतं की आता पुरे, पण टाळ्यांपुढे जीभ थांबते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाड्यावर पोंपों, म्हणजे पदेराच्या सायकलचा भोंगा, नाही. तिसऱ्या दिवशी नाही. वरच्या वाड्याला उंडे, पोळी, काकणां असले सगळे पाव पोचतात, आमच्याकडे पदेर वळतच नाही. चौथ्या दिवशी आईने चहाबरोबर काल रात्रीची भाकरी पुढ्यात आपटली आणि म्हणाली, ‘विनोद खा आता.’

गेलो पहाटे चार वाजता पदेराच्या भट्टीवर. आत लाकडांची धग, पदेर खरंच उघडाच, लांब फळी घेऊन भट्टीतून पाव ओढतोय, माझ्याकडे बघितलं नाही. मी बरंच बोललो, गंमत होती, मनात तसं नव्हतं, नाटकात चालतं, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर. हो हो, ‘तर’ म्हटलं मीच. त्याने सगळा घाणा बाहेर काढला, फळी भिंतीला टेकवली, घाम पुसला आणि म्हणाला, ‘म्हाका सांगून कितें जातलें? म्हजो पूत थंय पयल्या रांकेंत बशिल्लो. ताका सांग.’

पोरगा आठवीत होता. आमच्याच वाड्यावरच्या मुलांबरोबर नाटक बघायला आलेला, बाजूला बसलेली सगळी हसत होती म्हणे आणि हा पण हसला. ते ऐकलं आणि कान तापले माझे. बापाला माफी मागायची तयारी घरून करून गेलो होतो, त्या पोराचा विचारच केला नव्हता.

---

बीबिक

मग? सांगितलं?

---

पेडणेकर_७७

अरे इथे कुठे थांबतोस, मुख्य सीन सांग ना!

---

सुंगटां_हुमण

सीन कसला. तो तिथेच एका कोपऱ्यात टोपल्यांत पाव मोजून भरत होता. मी म्हटलं, मी तुझ्या पाय (बापा) बद्दल बोललो ते वाईट बोललो. त्याने मान वर केली नाही, सत्तावीस, अठ्ठावीस मोजत राहिला. मी उभा. पन्नास झाल्यावर टोपली झाकली, सायकलला बांधली आणि गेला. पुढच्या सकाळी पोंपों आलं आमच्या वाड्यावर, एवढंच.

आता तोच पदेर आहे, बाप थकला. लग्न झालं, दोन पोरं आहेत. बाकी दारांत पोंपों वाजवतो, माझ्या दारात आला की वाजवत नाही, पायरीवर एक पाय टेकून हाक मारतो, ‘भाऊ, आयज कसलो जाय? सादो, काय खारट?’

वीस वर्षं. रोज.

---

पात्राव

आणि तू काय म्हणतोस?

---

सुंगटां_हुमण

चार सादे, दोन काकणां. आणि सुट्टे पैसे कधी परत मागत नाही.